डावऱ्या हाताची तुरपाई

"पट्टी चुकलीय तुमची," मास्तर म्हणाले.

नर्सने लाकडी फळी पुन्हा एकदा त्यांच्या डोक्यावर टेकवली. "भिंतीला ठोकलेली पट्टी आहे, काका. ती कशी चुकेल?"

"ठोकणारा चुकला असेल. मी टेलर आहे. जन्मभर लोकांची मापं घेतली मी."

"मग आज तुमचं घेऊ द्या. हनुवटी खाली. टाचा भिंतीला लावा. नाही, उचलायच्या नाहीत, मला दिसतंय." तिने आकडा वाचला, जुन्या कागदावरचा आकडा बघितला आणि म्हणाली, "मागे गुडघ्यासाठी आला होतात, तेव्हापेक्षा दीड इंच कमी झालीय उंची. होतं असं वयाने. मणके बसतात."

"बसतात म्हणजे? कुठे बसतात?"

"एकमेकांवर. तुम्ही आम्ही बसतो तसेच, दमले की." मग ती खाली वाकली आणि तिने मास्तरांच्या पँटीचा तळ दोन बोटांत धरला. "हे मात्र बघा. टाचेखाली येतेय. जिन्यात पाय अडकला तर खुब्याचं हाड जाईल. घरात कोणी आहे का हे आखूड करून द्यायला?"

मास्तरांनी पँट वर ओढली. आपण टेलर आहोत हे आत्ताच सांगून झालं होतं. नर्सलाही ते आठवलं असावं, कारण तिने घाईघाईने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी येताना मास्तरांच्या डोक्यात तो दीड इंच घोळत राहिला. इतरांना दीड इंच म्हणजे काहीच वाटत नाही. पण टेलरला विचारा. दीड इंच इकडचा तिकडे झाला तर साहेबाची पँट शाळेतल्या पोराची दिसते. बायको गेल्यापासून वर्षभर मास्तर म्हणत होते की कापडांना ओढ आलीय, पँटी खाली उतरायला लागल्यात. त्यांनी साबणाच्या पावडरीला दोष दिला. लेकीने आणून बसवलेल्या धुण्याच्या मशीनला शिव्या घातल्या. पट्टा एक भोक आत घेतला, तेव्हा पँट वर आली, पण जेवताना श्वास लागायला लागला. आपणच खाली उतरलोय हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग, घराचं कुलूप उघडताना, त्यांना दुसरी गोष्ट सुचली. उंची काही एका वर्षात गेलेली नाही. ती हळूहळू गेली असणार. मग बायको होती तोपर्यंत पँटी बरोबर कशा बसत होत्या?

त्यांनी पँट काढली, उलटी केली आणि चष्मा लावून खिडकीशी बसले. आतल्या बाजूला, शिवलेल्या दुमडीच्या जरा खाली, जुन्या दुमडीची एक रेघ होती. तिच्याखाली आणखी एक. तिच्याखाली आणखी एक. दर वेळी थोडंसं, बोटाच्या पेरापेक्षाही कमी, कापड वर घेतलं होतं. आणि वरची तुरपाई, म्हणजे दुमड धरून ठेवणारी हातशिलाई, उलट्या बाजूला झुकलेली होती.

मास्तरांची बायको डावरी होती. खाली दुकान, वर घर. मास्तर पुढे कापायचे आणि मशीन चालवायचे, ती मागे स्टुलावर बसून काज, बटणं आणि तुरपाई करायची. सगळी दुनिया उजवीकडून डावीकडे टाके घालत जाते, ती डावीकडून उजवीकडे. लग्नानंतर महिनाभर मास्तरांनी तिला सुलटं शिकवायचा प्रयत्न केला. तिने महिनाभर ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पँट घातल्यावर कळतं का कोणाला?" मास्तर म्हणाले, "मला कळतं." ती म्हणाली, "मग तुम्ही बघू नका." विषय संपला.

शेवटची काही वर्षं मात्र तिने हातातलं काम सोडून दिलं होतं. डोळ्यांना दिसत नाही, सुईत दोरा जात नाही, असं म्हणाली. मास्तरांनी तुरपाई मशीनवर करणाऱ्या माणसाकडे द्यायला सुरुवात केली आणि पुढे दुकानच आवरलं. पण ही तुरपाई त्यानंतरची होती. दोरा नव्या रिळाचा होता, तो मास्तर ओळखत होते.

म्हणजे गिऱ्हाइकांसाठी तिला दिसत नव्हतं. नवऱ्यासाठी दिसत होतं.

पुढचा दीड दिवस मास्तर नव्या नवऱ्यासारखे घरात फिरले. आरशासमोर उभं राहून त्यांनी भांग पाडला, जेवढा पडायचा तेवढा. लेकीचा फोन आला तर तिला म्हणाले, "तुझी आई म्हणजे भारी होती."

"हे आज कळलं, बाबा?"

"तुला नाही सांगणार."

"बरं, नका सांगू. पँट आखूड केलीत का? नर्सने सांगितलं म्हणालात."

"करतो ना."

ते करणार नव्हते. आखूड करायची तर आधी ती तुरपाई उसवावी लागणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. दोरीवर शेजारच्या कंपाउंडरची करडी पँट उलटी टांगलेली होती. दवाखान्यात औषधं देऊन निवृत्त झालेला हा माणूस. त्याला बायको होती, तीही धडधाकट. त्याची पाठ अजून सरळ होती. मास्तरांना तो तसाही थोडा खुपायचाच. पण त्याच्या पँटीकडे त्यांनी पाहिलं ते केवळ सवयीने. टेलरने वाळत घातलेल्या पँटीकडे बघायचं नाही म्हणजे काय करायचं?

तुरपाई उलटी झुकलेली होती.

मास्तर जवळ गेले. हात लावून बघितला. तोच टाका, तोच दोरा, शेवटी मारलेली तीच दुहेरी गाठ.

"काय हो मास्तर," मागून आवाज आला. कंपाउंडरची बायको बादली घेऊन आली होती. "पँट बघताय की खिशात काही राहिलंय ते बघताय?"

"कापड बघत होतो, वहिनी. चांगलं आहे."

"असेल बाई. मला काय माहीत? माझे हे ती पँट मला धुऊ देत नाहीत. स्वतः धुणार, स्वतः वाळत घालणार. म्हणतात, तू पिळतेस आणि टाके निघतात."

मास्तरांनी आपले कपडे न झटकताच दोरीवर टाकले आणि खाली आले. टाके निघतात म्हणे. टाके कोणाचे, निघाले तर जाणार कोणाचं, आणि काळजी कोण करतंय? त्या माणसाला स्वतःची बायको आहे, आणि माझ्या बायकोची तुरपाईही आहे. एका माणसाला किती लागतं?

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर रोजचे तिघे जमले. कंपाउंडर, बसवर ड्रायव्हर होता तो ड्रायव्हर, आणि मास्तर. मास्तर रोज मध्ये बसायचे. आज अगदी कडेला बसले, अर्धे बाकाबाहेर.

"पडाल," कंपाउंडर म्हणाला. "आत सरका की."

"बरा आहे मी इथे."

"तब्येत बरी नाही का?"

"माझ्या तब्येतीचं मी बघतो. तुम्ही तुमच्या पँटीचं बघा."

ड्रायव्हर हसला. "सकाळी चहात साखर विसरलेले दिसतात."

मास्तरांनी कंपाउंडरच्या पायांकडे बघितलं. तो पँटीचा तळ बाहेरून एकदा दुमडून वर घेऊन बसला होता. वर्षभर मास्तरांना ती म्हातारपणाची फॅशन वाटत होती.

"दुपारी काय करता हो तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"झोपतो."

"आणि पूर्वी?"

कंपाउंडर जरा थांबला. "पूर्वीही झोपायचो."

हा थांबला का? ज्या माणसाने आयुष्यभर चिठ्ठी बघून न थांबता बाटल्या काढल्या, तो झोपेबद्दल बोलताना थांबतो? दुपारी जेवल्यावर मास्तर आडवे व्हायचे आणि चहाच्या वेळेलाच उठायचे. मधल्या वेळात घरात काय होतं याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. भांडी वाजलेली ऐकू यायची नाहीत, एवढंच माहीत होतं. बायको आपली झोप जपते, असं ते लोकांना कौतुकाने सांगायचे.

तेवढ्यात ड्रायव्हरने पायावर पाय टाकला. त्याच्या पँटीची कड वळली आणि आतला टाका दिसला. तोही उलटा.

कंपाउंडरसाठी धरलेला राग आता दोघांत वाटायचा म्हटल्यावर निम्मा व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. मास्तर उठले आणि घराकडे निघाले. मागून ड्रायव्हर म्हणाला, "साखरच आहे, मी सांगतो." कंपाउंडर मात्र त्यांच्या मागोमाग निघाला.

जिन्यात मास्तर तरातरा चढायला लागले. या वयात तरातरा म्हणजे एका हाताने कठडा ओढत. तिसऱ्या पायरीवर टाच पँटीवर पडली, दुसरा पाय उचलला गेला आणि मास्तर मागे झुकले. मागून कंपाउंडरने दोन्ही काखांत हात घालून धरलं. दोघेही धापा टाकत तिथेच पायरीवर बसले.

"तरी मी वहिनींना म्हणत होतो," कंपाउंडर म्हणाला, "यांना एकदा सांगून टाका."

मास्तरांनी मान वळवली. "काय सांगून टाका? आणि कधी म्हणत होतात? दुपारी झोपेत?"

कंपाउंडर कठडा धरून उठला.

"वर चला," मास्तर म्हणाले. "इथे सगळा जिना ऐकेल."

"जिन्याला माहीत आहे सगळं," कंपाउंडर म्हणाला. "तुम्हालाच तेवढं नाही."

वर आल्यावर मास्तरांनी त्याला खुर्ची दिली नाही. तो आपणच बसला.

"तुमच्या दुकानात मी शेवटचा आलो होतो, आठवतंय?" कंपाउंडर म्हणाला. "दुकान भरलेलं होतं. तुम्ही माप घेतलं आणि ओरडलात, 'लांबी एक इंच कमी! काय कंपाउंडर, धुण्यात आटलात की काय?' सगळे हसले."

"मस्करी होती ती."

"चांगली होती. मीही हसलो. घरी गेलो आणि ठरवलं, आता तयार पँट आणायची. वहिनी मागे स्टुलावर होत्या, त्या हसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, पँट आणून द्या, मास्तर झोपले की करून ठेवते. पुढे ड्रायव्हरचीही करून दिली. त्याला तर तुम्ही म्हणाला होतात, आता सीटवर उशी घ्यावी लागेल."

मास्तरांना ती मस्करी आठवत होती. अजून चांगली वाटत होती. पण हसू आलं नाही.

"तिला दिसत नव्हतं," ते म्हणाले. "सुईत दोरा जात नव्हता तिच्याच्याने. मला तसं सांगितलं होतं तिने."

"खरंच जात नव्हता. मी ओवून द्यायचो."

"तुम्ही?"

"दवाखान्यात बारीक अक्षरं वाचायची सवय. मला जमायचं. आठ-दहा सुया एकदम ओवून ठेवायचो, उशीला टोचून."

"माझ्या पँटीच्या वेळी?"

"त्याही मीच ओवलेल्या."

दीड दिवस छाती फुगवून फिरलेले मास्तर खाटेवर बसले. गुडघ्यावर पसरलेली स्वतःची पँट त्यांना परकी वाटायला लागली. नवऱ्यासाठी दिसत होतं म्हणे. नवऱ्याच्या पँटीतसुद्धा हा माणूस दोरा धरून बसला होता.

"बोलायची काय ती?" त्यांनी विचारलं. हे विचारायचं नाही असं ठरवून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"बोलायच्या कुठे? सरळ उभे राहा. समोर बघा. पायाकडे बघितलं की माप चुकतं. एवढंच."

"ते माझं वाक्य आहे."

"असेल. त्यांच्या तोंडून बरं वाटायचं."

"आणि माझं माप कधी घेतलं तिने? मी तर कधी उभा राहिलो नाही."

"मीही हेच विचारलं होतं एकदा. आम्हाला दोन-दोनदा पँट घालून दाखवायला लावायच्या. ड्रायव्हरला तर एकदा तीनदा. म्हटलं, वहिनी, मास्तरांचं माप कसं घेता? तर म्हणाल्या, ह्यांचं कशाला घ्यायचं? घरात चालतात ते दिसतात ना मला."

मास्तरांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. पण ते या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं. ती हे वाक्य कंपाउंडरला बोलली, नवऱ्याला नाही.

"मग आता दुमडून का घालता?" त्यांनी कंपाउंडरच्या पायांकडे बोट दाखवलं. "वर्षभरात आणखी आटलात ना? करून घ्यायची कोणाकडून तरी."

"करायची म्हणजे आधी उसवायची," कंपाउंडर म्हणाला. "नको वाटतं."

"तुम्हाला नको वाटतं?"

"हो."

"तुम्हाला का वाटावं? स्वतःची बायको आहे तुम्हाला."

"आहे. चांगली आहे. पण ती पँटीकडे बघत नाही, मास्तर, माझ्याकडेच बघते. म्हणते, किती बुटके दिसायला लागलात."

मास्तरांना आलेलं हसू नाकातून बाहेर पडलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं. मग उठले, कपाटातून टेप काढला, खडू काढला, बारीक टोकाची कात्री काढली. "उभे राहा," ते म्हणाले. "समोर बघा."

त्यांनी कंपाउंडरची लांबी मोजली. घरात तिसरं कोणी नव्हतं. तरीही ओरडायची सवय असलेल्या त्या माणसाने गुडघ्यांवर हात टेकत उठून आकडा कंपाउंडरच्या कानात सांगितला.

"एवढी?" कंपाउंडर म्हणाला.

"तेवढीच. लुंगी देतो, पँट काढा."

खिडकीशी बसून मास्तर उसवायला लागले. एक टाका कापायचा, पुढचा ओढून घ्यायचा. दोरा निघताना कापडाला हळूच चिमटा बसत होता. निघालेला दोरा ते डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत गेले. कंपाउंडर लुंगीत, खुर्चीच्या कडेवर बसून बघत होता.

"तो दोरा," कंपाउंडर म्हणाला.

"त्याचं काय?"

"काही नाही. टाकणार असाल तर..."

"टाकणार नाही."

"एखादा तुकडा?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी गुंडाळी बोटावरून काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. कंपाउंडरने मान हलवली. त्याला ते पटलं नसावं, पण त्याने वाद घातला नाही. सुईत दोरा मात्र त्यानेच ओवून दिला, कारण मास्तरांच्याही हाताने आता तो जात नव्हता. मास्तरांनी सुलटी तुरपाई केली, उजवीकडून डावीकडे, पुस्तकात असावी तशी. कंपाउंडरने पँट घातली. ती बुटावर जिथे टेकायला हवी तिथे टेकली.

"झकास," तो म्हणाला, पण वाकून एकदा आतला टाका बघितला आणि कड पुन्हा खाली सोडली.

मग मास्तरांच्या पँटीची पाळी आली. टेलरला सगळ्यांच्या पँटी मापता येतात, स्वतःची येत नाही. खूण करायला वाकलं की पँट वर चढते आणि माप चुकतं. म्हणून कंपाउंडर एक हात खुर्चीवर ठेवून, कण्हत, खाली जमिनीवर बसला. त्याने खडू औषधाच्या चमच्यासारखा धरला.

"सरळ उभे राहा," तो म्हणाला. "समोर बघा."

मास्तर उभे राहिले. समोर भिंत होती, तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. खाली पायाशी कोणीतरी पँटीची कड सारखी करत होतं. आपल्यासाठी ती अशी कधी बसली नाही, हे त्यांच्या मनात आलं. इतरांच्या पायाशी बसली. तिला आपल्या पायाशी बसायची गरज पडली नाही, हेही मनात आलं. पण ड्रायव्हर तीनदा उभा राहिला होता, आणि आपण एकदाही नाही, हे काही मनातून जाईना.

"पायाकडे बघू नका," कंपाउंडर म्हणाला.

"बघत नाही."

"मान खाली आलीय."

मास्तरांनी मान वर केली. कंपाउंडरने दोन्ही पायांवर खुणा केल्या आणि उठायचा प्रयत्न केला. त्याला उठता येईना. मास्तरांनी हात दिला, तेव्हा दोघेही क्षणभर पडणार असं वाटलं, पण पडले नाहीत.

त्या आठवड्यात ड्रायव्हरच्या पँटी झाल्या. त्याचाही दोरा मास्तरांनी ठेवून घेतला. ड्रायव्हरने तो मागितलाही नाही, आणि त्याचा मास्तरांना थोडा रागच आला. वरच्या मजल्यावरून आणखी एक म्हातारा पिशवी घेऊन आला. तो दारात उभा राहून म्हणाला, "इथे हळू बोलतात असं कळलं." मास्तरांनी त्यालाही आत घेतलं. बाकावर ते पुन्हा मध्ये बसायला लागले.

लेक दर फोनला विचारते. ते म्हणतात, "खुणा झाल्यात, आता काय, दहा मिनिटांचं काम." ते खोटं नाही. त्यांच्या पँटींवर खडूच्या खुणा तशाच आहेत. जिना उतरताना मास्तर एका हाताने कठडा धरतात आणि दुसऱ्या हाताने पँट वर उचलतात. उसवायचं तेवढं राहिलंय.